मैदानाकडं पाठ

आमचे खो-खोचे सर सामना सुरू झाला की मैदानाकडं पाठ करून बसायचे. प्लास्टिकची खुर्ची उचलायची, उलटी फिरवायची, सदऱ्याच्या खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढायच्या आणि समोर जे काही असेल ते बघत बसायचं. समोर कधी शाळेची भिंत असायची, कधी रसवंती, एकदा तर नुसता उकिरडा होता. सर त्याच्याकडंसुद्धा असं मन लावून बघत बसले की वाटावं, खरी फायनल तिथंच चालू आहे. मागं आम्ही पोरी जीव तोडून पळून राहिलेलो.

नवीन पंच गोंधळून जायचे. एकानं जवळ येऊन अदबीनं सांगितलं, "सर, खेळ इकडं हाय."

"हाव. ऐकू येऊन राहिलाय की," सर म्हणाले आणि शेंग फोडली.

त्या पंचानं नंतर आमच्या कॅप्टनला बाजूला घेऊन विचारलं, की तुमच्या सरांचं संघाशी काही भांडण झालंय का, घरगुती मिटवता येईल का.

मी आता मुखेडला शाळेत खेळ शिकवते. हल्ली खेळाडूंच्या मनावर बोलणाऱ्यांचं आमच्या भागात लई पीक आलंय. पाऊस पडो न पडो, हे पीक जोमात. कोट घालून येतात, पोरांना डोळे मिटायला लावतात, स्वतःचे फोटो काढून घेतात आणि सत्काराची शाल काखेत मारून पुढच्या शाळेत जातात. दरवेळी मला अहमदपूरचे आमचे ते सर आठवतात. त्यांच्या तोंडून मन हा शब्द मी कधी ऐकला नाही. पण आमच्या मनाला त्यांनी जेवढं जपलं तेवढं आमच्या आयांनीही जपलं नसेल, हे मी कुणापुढंही सांगेन.

सर अंगानं काटकुळे, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी फक्त पाणी प्यायला बोलवायला वाजायची. आम्हा सगळ्या पोरींना ते 'मालक' म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. घरात आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं, आणि मैदानावर आल्या आल्या, "या मालक, पाय कसा हाय आज?" पहिला आठवडाभर आम्ही मागं वळून बघायचो, की हे कुणाला बोलून राहिले.

सामन्याच्या आधी बाकीच्या संघांचे कोच पोरींना गोल उभं करून ओरडायचे. "जिंकायचंच! मरायचं पण हरायचं न्हाई!" आमचा गोल झाला की सर विचारायचे, "म्हैस व्याली का हो मालक? रेडा का रेडी? आणि तुमच्या मावशीचं लग्न मोडलं म्हणे, खरं का?" मग मावशीची गोष्ट निघायची, सगळ्या खिदळायच्या, तेवढ्यात पंचांची शिट्टी. एका कोचला शेवटपर्यंत वाटत होतं की म्हैस, रेडी, मावशी ही आमची सांकेतिक भाषा आहे. त्यानं आपल्या पोरींना सांगून ठेवलं होतं, 'रेडी' म्हटलं की ह्या डावीकडून येतात.

हरल्यावर सर आम्हाला बसस्टँडजवळच्या गाड्यावर सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, खाऊ घालायचे. गरम, वरून शेव, लिंबू. जिंकल्यावर एकेक केळं. आम्ही एकदा तक्रार केली, तर म्हणाले, "जिंकल्यावर सगळं गाव खाऊ घालतं तुम्हाला. हरल्यावर कोण विचारतं? मग म्या विचारतो." यातून व्हायचं असं की एखादी पोरगी हरता हरता स्वतःलाच समजावायची, जाऊ दे माय, सुशीला तरी आहे. आणि एवढा विचार करून मोकळी झाली की नेमकी खेळायला लागायची.

पाठ करून बसायचं कारण आम्ही विचारलं नाही असं नाही. सर म्हणाले, "म्या बघून राहिलो की तुम्ही बी माझ्याकडं बघता. चुकलं की लगेच मान इकडं. ज्याचा खेळ त्यानं बघावा." ते कानानं खेळ बघायचे. पोरीनं बसलेलीच्या पाठीवर हात टाकून 'खो' म्हटलं की त्या आवाजावरून ते सांगायचे, कोण दमली, कोण घाबरली, कोण कुणावर रुसलीय. "मालक, तुमचा खो आज घशातच राहिला."

पण म्हणून ते देव नव्हते. एकदा आम्ही सपाटून हरलो. मैदानात तोंड लपवायला जागा नाही अशी गत. सर खुर्ची सरळ करून उठले, चेहरा फुललेला. म्हणाले, "काय खेळलात आज! एकामागून एक खो, काय ती साखळी! कान निवले माझे."

कॅप्टन म्हणाली, "सर, ते शेजारचं मैदान. उदगीरच्या पोरी होत्या त्या."

सरांनी शेजारच्या मैदानाकडं मान वळवली. मग म्हणाले, "असं का? मग त्यांना सांगून येतो." आणि खरंच शेजारच्या मैदानावर जाऊन, त्या अनोळखी पोरींना हात जोडून, कान निवल्याचं सांगून आले. मग आम्हाला सुशीला.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना हे काही पटायचं नाही. त्यांना वाटायचं, संघात जोश कमी आहे. म्हणून एकदा त्यांनी लातूरहून एक प्रेरणादायी वक्ते बोलावले. कानाला माईक चिकटवलेला, पायात टोकदार बूट. आधी अध्यक्षांनी त्यांचा सत्कार केला, मग त्यांनी अध्यक्षांचा केला, मग दोघांनी मिळून उपाध्यक्षांचा केला. आम्ही ऊन खात बसलेलो. शेवटी वक्त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले. "ट्रॉफी दिसते का? तिचा वास घ्या! म्हणा, मी वाघीण आहे!" आम्ही म्हटलं. "डरकाळी फोडा!" आम्ही आपापल्या परीनं फोडली. पलीकडच्या वर्गातल्या चौथीच्या पोरांनी उत्तरादाखल म्यांव केलं.

ते गेल्यावर सरांनी आम्हाला मैदानावर नेलं आणि मधल्या पाटीत ओळीनं बसवलं, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. म्हणाले, "मालक, वाघीण अशी उकिडवी बसते का? कुणी पाठीवर हात टाकून खो म्हणेपर्यंत?"

"न्हाई सर."

"ती बसायची न्हाई. पळत सुटायची आणि फाऊल व्हायचा. ह्या खेळात बसता आलं पायजे. आपल्याला खो मिळंना, पलीकडचीला मिळून राहिला, तरी जीव न जळता बसता आलं पायजे. पळायला काय, कुत्रं बी पळतं." त्या दिवशी आम्ही तासभर नुसत्या बसलो. इतका कठीण सराव आम्ही नंतर कधी केला नाही.

आता पालक. सर म्हणायचे, पोरींना शिकवायला वर्ष लागतं, त्यांच्या बापांना शिकवता येत नाही, त्यांना फक्त कामाला लावता येतं. आमच्या सामन्यांना बापलोक यायचे आणि कडेला उभं राहून प्रत्येकजण आपापल्या पोरीला वेगळाच खेळ शिकवायचा. सरांनी प्रत्येकाला एकेक काम नेमून दिलं. सगळी कामं अशी की सामना दिसू नये. एक मामा पाण्याचे जार राखायला, शाळेच्या खोलीच्या मागं. एक गुरुजी फाटकावर, येणाऱ्या प्रमुख पाहुण्यांना उतरवून घ्यायला. प्रमुख पाहुणे कुणीच येणार नसायचे, पण गुरुजी हार हातात घेऊन शेवटपर्यंत रस्त्याकडं बघत उभे. आणि एका पोरीचे वडील सरपंच होते, त्यांना तर फ्लेक्सचं काम. मैदानाच्या कडेला स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स त्यांनीच लावला होता, 'विजयी संघाचे हार्दिक अभिनंदन', सामन्याच्या आधीच. सर काळजीनं म्हणाले, "सरपंच, वारं हाय. तुमचा फोटो तोंडावर पडला तर बरं दिसंल का?" झालं. सरपंच फ्लेक्सच्या मागच्या अंगानं दोन्ही बांबू धरून सामनाभर उभे. पुढून त्यांचा फोटो हात जोडून हसून राहिलेला, आणि मागं खरे सरपंच घामानं निथळून राहिलेले.

फक्त एक बाप सरांना पुरून उरला. तो माझा.

आमचे आप्पा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, एका आडतीवर सौदा पुकारायचे. तुरीच्या ढिगाजवळ उभं राहून त्यांनी भाव पुकारला की रस्त्यापलीकडची माणसं बोलायची थांबायची. त्यांचा माझ्यावर जीव होता, खोटं कशाला बोलू. पण तो जीव त्यांच्या गळ्यातून बाहेर पडायचा. तालुक्याच्या सामन्यात मी पाठलागावर होते. खो-खोत एकदा एक दिशा धरली की खांबापर्यंत मागं वळता येत नाही, खांदा फिरला तरी फाऊल. पळणारी माझ्या हातभर पुढं. तेवढ्यात आप्पांचा आवाज, "मागं! मागं बघ! दुसरी मागं हाय!" मी बघितलं. शिट्टी. पुन्हा पळाले, पुन्हा आवाज, पुन्हा माझी मान फिरली. माझं शरीर आप्पांचं ऐकायचं, माझं ऐकायचंच नाही. आणि मग घरी जाईपर्यंत मोटरसायकलवर आप्पा मला माझ्या चुका समजावून सांगणार, पुढं तोंड करून, वाऱ्याच्या वर आवाज काढून. जेवताना पुन्हा पहिल्यापासून. माझी भाकरी ताटातच वाळून जायची.

सरांनी त्यांना चपला राखायला बसवून बघितलं. "आप्पा, पोरींच्या चपला लई चोरीला जाऊन राहिल्यात, तुमच्यासारखा खमका माणूस पायजे." आप्पा बसले, पार शाळेच्या मागं. तिथून आवाज आला, "मागं बघ!" त्यांना काहीच दिसत नव्हतं, तरी सल्ला चालूच. सर मला म्हणाले, "मालक, तुमचे वडील म्हणजे अवघड केस हाय." एवढं हताश त्यांना मी पहिल्यांदा बघितलं.

मी दहावीत होते. आम्ही जिल्हा जिंकून विभागीयला पोचलो होतो, सामने नांदेडला. आप्पांनी घरात सांगून टाकलं, "राज्याला गेली तर खेळू दे. न्हाई तर आता बास. दहावी झाली की लातूरला क्लासला टाकतो, मेडिकलची तयारी. अर्धं गाव पोरं तिथं धाडून राहिलंय." लातूरचं ते हॉस्टेल मी मामेबहिणीबरोबर बघून आले होते. एका खोलीत चार खाटा, खिडकीत वाळत घातलेले कपडे, आणि मैदान म्हणून मोटरसायकली लावायची जागा. त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. मला डॉक्टर व्हायचं नव्हतं. मला पळायचं होतं. सरांना मी एवढंच सांगितलं, "सर, हरलो तर माझं संपलं."

सरांनी धीर दिला नाही, काही नाही. म्हणाले, "हं. आप्पा फायनलला येणार का?"

"येणारच."

"येऊ द्या."

फायनल विष्णुपुरीच्या अलीकडं एका कॉलेजच्या मैदानावर होती. आप्पा नवा सदरा घालून, घसा गरम पाण्यानं शेकून आलेले. सरांनी त्यांना कुठलंच काम दिलं नाही. आपल्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडली, तीही उलटी.

"बसा आप्पा."

"असं? उलटं?"

"असंच."

"पोरीची फायनल हाय अन् म्या उलटं बसू? येड लागलं का सर?"

सर म्हणाले, "आप्पा, मोंढ्यात तुमची तूर चांगली का वाईट, हे तुम्ही ठरवता का?"

"न्हाई. घेणारा ठरवतो."

"मग खेळणारी पोरगी, तिनं कधी थांबायचं हे तुम्ही कसं ठरवलं? बरं ठरवलं तर ठरवलं. पण आजचा खेळ तिचा हाय. तो तिच्या तोंडून घ्या. खेळ बघितलेला बाप पोरीला सांगत बसतो. न बघितलेला बाप पोरीला विचारतो. एकदा विचारून बघा."

आप्पांनी तोंड उघडलं. सरांनी त्यांच्या ओंजळीत शेंगा ओतल्या, काठोकाठ भरून, आणि राहिलेल्या त्यांच्या खिशात कोंबल्या. "जवा जवा ओरडावंसं वाटंल, एक शेंग खायाची. पुरी फोडून, सावकाश."

माझं तोंड त्यांच्या बाजूला होतं. खोची वाट बघत बसलेली असताना मला त्या दोन पाठी दिसत होत्या, सरांची वाकलेली आणि आप्पांची ताठ. मैदानात आरडाओरडा झाला की आप्पांचे खांदे वर यायचे, मान वळू वळू व्हायची, आणि मग कोपर हलायचं. शेंग. पुन्हा आवाज, पुन्हा शेंग. त्या दिवशी मी कशी खेळले हे मी काय सांगू? मला मागं बघायला लागलंच नाही. माझे पाय माझेच होते, पहिल्यांदा. सामना संपला तेव्हा आप्पांच्या खुर्चीखाली टरफलांचा ढीग साचला होता.

आम्ही हरलो. एका गड्याच्या फरकानं.

सरांनी नांदेडच्या बसस्टँडवर सुशीलेचा गाडा हुडकून काढला. माझी बशी तशीच हातात. सर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मालक, आज तुमचा खो साऱ्या मैदानात ऐकू येऊन राहिला होता." बाकी काही नाही. मग ते दुसऱ्या पोरीकडं वळले, तिच्या बशीत शेव कमी होती.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी, आप्पा शेजारी. विष्णुपुरी मागं पडलं तरी आप्पा गप्प. मी डोळे मिटून घेतले, आता सुरू होणार म्हणून. खूप वेळानं ते म्हणाले, "काय झालं तिथं?"

मी डोळे उघडले. हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं.

"सांग की. म्या कुठं बघितलं?"

मी सांगायला लागले. आधी तुटक, मग भरभर. पहिली पळणारी कशी चकवून गेली, दुसरीला मी कशी कोपऱ्यात घेतली. मध्ये त्यांच्या तोंडावर काहीतरी यायचं, "पण तू तवा..." आणि हात खिशात जायचा. शेंग. मी पुढं सांगायचे. लोह्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खिसा उलटा करून बघितला. शेंगा संपल्या होत्या. मी मनात म्हटलं, झालं, आता भाषण.

"मग?" आप्पा म्हणाले.

"मग शेवटी मी खांबावर सूर मारला. बोटं लागली शेवटच्या पोरीच्या पाठीला, आप्पा, खरंच लागली. पण वेळ आधीच संपली होती."

"मग?"

"मग काय? हरलो. संपलं." आणि मला रडू फुटलं, सगळ्या गाडीसमोर, कंडक्टरसमोर.

आप्पांनी मला रडू दिलं. माळाकोळी आली, गेली. मग एवढ्या हळू आवाजात, की मोंढ्यातल्या कुणाला खरं वाटलं नसतं, ते म्हणाले, "अहमदपुरात बी कॉलेज हाय की. संघ हाय का तिथं?"

संघ होता. मी खेळले. पुढं राज्याला गेले, तिथंही हरले, सुशीला खाल्ली. आणि आप्पा शेवटपर्यंत माझ्या प्रत्येक सामन्याला पाठ करून बसले आणि घरी येऊन विचारत राहिले.

परवा मुखेडला आमच्या पोरींचा सामना होता. मी माझी खुर्ची उलटी करून, शेंगा घेऊन बसलेले. तेवढ्यात मागून काठी टेकत कुणीतरी आलं. आमचे सर. रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, एसटीनं एकटेच आलेले. मी पाया पडले, शेजारी खुर्ची उलटी मांडली. सरांनी ती उचलली आणि सरळ केली. मैदानाकडं तोंड करून बसले.

"सर, तुम्ही?"

"म्या आता कोच कुठं हाय? मला बघायचंय. इतकी वर्षं खेळ शिकवला, पण बघितला न्हाई हो मालक, एकदा बी."

मी माझी खुर्ची त्यांच्याकडं सरकवली. तेवढ्यात पहिली पोरगी पळाली आणि सर काठी टाकून उभे राहिले. "मागं! मागं बघ! अगं मागं हाय ती! हाण!" आप्पांच्या वर आवाज. आमची पोरगी दचकली, मान वळली, शिट्टी. "अगं खो दे! खो दे तिला!" पुन्हा शिट्टी. पोरी त्यांच्याकडं बघायला लागल्या. तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं हा माणूस कुणाला आवरून बसला होता.

मी उठले. त्यांच्यासमोर जाऊन म्हणाले, "सर, पोरींच्या चपला लई चोरीला जाऊन राहिल्यात. तुमच्यासारखा खमका माणूस पायजे."

सर माझ्याकडं वळले. मग हसले, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "जमून राहिलंय मालक तुम्हाला," म्हणाले, काठी उचलली आणि शाळेच्या मागं जाऊन चपलांजवळ बसले. मी माझ्याजवळच्या सगळ्या शेंगा त्यांना नेऊन दिल्या.

सामना संपल्यावर गेले तर चपला ओळीनं लावलेल्या, पुढं टरफलं, आणि सर माझ्यासाठी जागा करून सरकून बसलेले.

"सांगा मालक," म्हणाले. "पहिल्यापासून सांगा."